अमेरिकेतून कॅनडात मासे गरवायला जाताना: कागदांपासून कूलरपर्यंत

देवबागला कर्लीच्या खाडीवर गरी घेऊन बसायला आम्हाला कधी कागद लागला नाही. बाबा गळाला कोलंबीचा तुकडा लावून द्यायचे. काळुंदर लागलं की दोरी बोटाला कसा झटका देते, ते मी सहा-सात वर्षांचा असताना शिकलो. आता मी डेट्रॉइटच्या शेजारी राहतो. घरापासून जवळच सेंट क्लेअर सरोवर आहे आणि अमेरिका-कॅनडाची हद्द त्या सरोवराच्या पाण्यातूनच जाते. पलीकडे ऑन्टारियो, अडीच लाखांहून जास्त सरोवरांचा प्रांत. गरवण्याचं वेड असलेल्या माणसाला ते समोर दिसत असताना स्वस्थ बसवत नाही.

एप्रिल उजाडला की ओळखीच्या मराठी मंडळींचे फोन येऊ लागतात. रॉड कुठला घेऊ, कॅबिन कुठे मिळेल, मासा लागतो का. मी आधी विचारतो, "तुमचा आय-९४ कधी संपतो?" आय-९४ म्हणजे अमेरिकेत कुठल्या तारखेपर्यंत राहता येईल याची सरकारी नोंद; बहुतेकांना ती तारीख सांगता येत नाही. म्हणून हा लेख तिथूनच सुरू करतो. ही सहल मागून पुढे आखायची असते. अमेरिकेत परत कसं येणार ते आधी पक्कं करायचं, मग कॅनडात शिरायचं बघायचं, मग परवाना, मग आमिष. रॉड-रीळ सगळ्यात शेवटी. हे मी मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क, ओहायो या बाजूने गाडी घेऊन ऑन्टारियोत जाणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

आधी परतीचा रस्ता

अमेरिकेचे नागरिक असाल तर पासपोर्ट घ्या, झालं. ग्रीन कार्ड असेल तर कार्ड स्वतः जवळ हवं, फोनमधला फोटो चालत नाही, आणि सोबत चालू मुदतीचा भारतीय पासपोर्ट.

एच-१बी, एच-४, एल-१ किंवा एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी पुढचं सावकाश वाचावं. पासपोर्टमधला अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर अडचण नाही. पण आपल्यातल्या कितीतरी जणांचा स्टँप संपलेला असतो. कंपनीने मुदतवाढ घेतलेली असते, त्या मंजुरीचा कागद, आय-७९७, घरी फाईलमध्ये असतो, फक्त भारतात जाऊन नवा स्टँप मारून आणलेला नसतो. अशांसाठी 'ऑटोमॅटिक व्हिसा रिव्हॅलिडेशन' नावाची सोय आहे. फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोत गेलात, ३० दिवसांच्या आत परतलात, आय-९४ ची मुदत शिल्लक आहे, पासपोर्ट चालू आहे आणि तुमचं स्टेटस मोडलेलं नाही, तर संपलेल्या व्हिसावरही परत येता येतं. आधी विद्यार्थी होतात आणि आता एच-१बी झाला, पासपोर्टमध्ये मात्र जुनाच एफ-१ चा स्टँप आहे, तरी ही सोय लागू होते.

यात एक खड्डा आहे. कॅनडात गेलोच आहोत तर तिथल्या अमेरिकी वकिलातीत स्टँपिंगही उरकू, असा मोह धरू नका. नव्या व्हिसासाठी अर्ज केलात की ही सोय तुमच्यापुरती संपली. व्हिसा हातात पडेपर्यंत परत येता येत नाही. मासेमारी आणि स्टँपिंग एका सहलीत बांधू नका.

कागदांची फाईल अशी करा: पासपोर्ट, जुना व्हिसा ज्यात असेल तो जुना पासपोर्टही, आय-७९७ ची मूळ प्रत, साईटवरून छापलेला ताजा आय-९४, शेवटच्या दोन-तीन पगाराच्या पावत्या, आणि एफ-१ असाल तर प्रवासाची सही असलेला कॉलेजचा आय-२०. रिव्हॅलिडेशनचा नियम एका कागदावर छापून त्याच फाईलमध्ये ठेवा. नाक्यावर तो काढावा लागला असं माझ्या बाबतीत एकदाच झालं, पण त्या दिवशी त्या कागदाने फार आधार दिला.

आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज, प्रलंबित आहे आणि एच स्टेटस सोडून नुसत्या ईएडीवर (कामाच्या परवान्यावर) काम करता आहात, तर अॅडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात असल्याशिवाय हद्दीवरच्या पुलाकडे गाडी वळवू नका. बाहेर गेलात की ग्रीन कार्डाचा अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. वर्षानुवर्षं रांगेत काढलेल्या माणसाने चार माशांसाठी हा धोका घेऊ नये. जराही शंका असेल तर कंपनीच्या वकिलाला ई-मेल टाका आणि उत्तर लेखी घ्या.

भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन जायचं असेल तर एक गैरसमज दूर करतो. चार दिवस कॅनडात जाऊन आल्याने त्यांचे सहा महिने नव्याने सुरू होत नाहीत. जुना आय-९४ च पुढे चालतो.

कॅनडात शिरण्याची परवानगी

अमेरिकेचे नागरिक व्हिसाशिवाय जातात. ग्रीन कार्डवाल्या भारतीयांनाही व्हिसा लागत नाही. बाकी सगळ्या भारतीय पासपोर्टधारकांना, म्हणजे एच-१बी, एच-४, एफ-१ आणि पर्यटक म्हणून आलेल्या आई-बाबांना, कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो. फी १०० कॅनेडियन डॉलर, बोटांचे ठसे आणि फोटोसाठी आणखी ८५. ठसे अमेरिकेतच, यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याच्या सेंटरवर देता येतात. मंजुरीनंतर पासपोर्ट स्टँपसाठी पाठवावा लागतो आणि तेवढे दिवस तो तुमच्या हातात नसतो. मे महिन्यात जायचं असेल तर मी जानेवारीत अर्ज करा म्हणतो. कॅबिनचे पैसे व्हिसा आल्यावर भरा.

मुलाला आई-वडिलांपैकी एकच जण घेऊन जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र घ्या: सही, फोन नंबर, प्रवासाच्या तारखा. मित्राच्या मुलाला नेत असाल तर त्याच्या दोन्ही पालकांचं.

आता एक अवघड गोष्ट, जी मित्रांच्या ग्रुपमध्ये कुणी उघडपणे बोलत नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याचं जुनं प्रकरण असेल तर कॅनडा दारातूनच परत पाठवू शकतो, अमेरिकेचा नागरिक असला तरी. डिसेंबर २०१८ पासून कॅनडाच्या कायद्यात हा गंभीर गुन्हा धरला जातो. दहा वर्षांपूर्वीचं आहे, दंड भरून मिटलं आहे, म्हणून सुटका होईलच असं नाही. नाक्यावरच्या अधिकाऱ्याला अमेरिकेतल्या नोंदी दिसतात. असं काही असेल तर तात्पुरत्या परवान्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. ग्रुपचा म्होरक्या असाल तर हा प्रश्न प्रत्येकाला एकेकट्याने, फोनवर, निघण्याआधी तीन महिने विचारा. पुलावर चारचौघांत कळण्यापेक्षा ते बरं.

कुठलं पाणी, कुठला परवाना

मिशिगनचा परवाना हद्दीच्या पलीकडे चालत नाही, सरोवर एकच असलं तरी. आणि ऑन्टारियोचा परवाना मॅनिटोबात किंवा क्विबेकमध्ये चालत नाही. प्रत्येक प्रांताचा वेगळा.

ऑन्टारियोत आधी 'आउटडोअर्स कार्ड' काढायचं. ते तीन कॅलेंडर वर्षं चालतं आणि साधारण साडेआठ डॉलरला मिळतं. त्यावर परवाना. बाहेरच्या माणसाला एक दिवसाचा, आठ दिवसांचा किंवा वर्षाचा घेता येतो; एक दिवसाच्या परवान्याला कार्ड लागत नाही. सगळं प्रांत सरकारच्या साईटवरून घरबसल्या होतं आणि फोनमधली प्रत चालते. मी तरी छापून प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, कारण उत्तरेकडच्या सरोवरांवर नेटवर्क जातं आणि फोन पाण्यात पडतो.

परवान्याचे दोन प्रकार आहेत, स्पोर्ट आणि कॉन्झर्वेशन. दुसरा स्वस्त, पण त्यात मासे कमी ठेवता येतात. वॉलआय या गोड्या पाण्यातल्या माशाच्या बाबतीत बऱ्याच पाण्यात स्पोर्टवर चार आणि कॉन्झर्वेशनवर दोन. चार दिवसांच्या सहलीत तळून खायला दोन पुरतात, म्हणून मी कॉन्झर्वेशनच घेतो. मासे घरी न्यायचे असतील तर स्पोर्ट घ्या.

आई-बाबांच्या वयाबद्दल नेहमी विचारलं जातं. पासष्टच्या पुढे परवाना लागत नाही ही सवलत कॅनडात राहणाऱ्यांसाठी आहे. सत्तरीच्या बाबांनी बोटीत बसून गळ टाकला तर त्यांच्या नावाचा परवाना हवा. अठराच्या आतली बाहेरची मुलं परवान्याशिवाय गरवू शकतात, पण परवानाधारक सोबत हवा आणि मुलांनी पकडलेला मासा त्याच्या खात्यात मोजला जातो. फुकट मासेमारीचे जे शनिवार-रविवार जाहीर होतात, तेही कॅनडातल्या रहिवाशांसाठीच.

प्रांताचे २० झोन आहेत आणि प्रत्येकाचे हंगाम, संख्या, मापं वेगळी. सेंट क्लेअर आणि इरी सरोवर झोन १९ मध्ये येतात. झोनचा नियम वाचून थांबू नका. त्याखाली अपवाद असलेल्या पाण्यांची यादी असते, ती पाहा. एक उदाहरण देतो. वायव्य ऑन्टारियोच्या बऱ्याच पाण्यात वॉलआयसाठी नियम असा की ठेवलेल्यांपैकी एकच मासा ४६ सेंटीमीटरहून मोठा चालतो. निपिसिंग सरोवरावर नेमकं उलटं: मासे खालावले म्हणून तिथे ४६ सेंटीमीटरपेक्षा लहान वॉलआय ठेवायचाच नाही. एका पाण्यात जो मासा कायदेशीर तोच दुसऱ्या पाण्यात गुन्हा. त्या वर्षीचं नियमपुस्तक डाउनलोड करा, तुमच्या सरोवराचं पान छापा आणि मोजपट्टी बोटीत ठेवा.

उत्तरेकडे वॉलआयचा हंगाम बऱ्याच झोनमध्ये मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. व्हिक्टोरिया डेची सुट्टी त्याच सुमारास येते, पुलावर रांगा लागतात. मे अखेर ते जून अर्धा हा काळ चावणाऱ्या, उडणाऱ्या काळ्या माश्यांचा. डोक्यावरून घ्यायची जाळी न्याच. आणि हो, तिकडचे लोक वॉलआयला 'पिकरेल' म्हणतात. दुकानदार पिकरेल म्हणाला तर तो वेगळा मासा समजू नका.

आमिष: इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात

पहिल्या वर्षी मी स्वतः अडकलो. घरामागच्या मातीतून रात्री बॅटरी घेऊन जाडजूड गांडुळं काढली होती, दह्याच्या डब्यात ओल्या मातीत भरून, झाकणाला भोकं पाडून. लहानपणापासूनची सवय. बूथवरच्या अधिकाऱ्याने विचारलं, "आमिष आहे का?" मी म्हटलं, "हो, गांडुळं." "मातीत?" मी हो म्हटलं आणि त्याने गाडी बाजूला घ्यायला सांगितली. डबा गेला, पाऊण तास गेला. खरं सांगितलं म्हणून दंड झाला नाही.

नियम असा आहे. अमेरिकेतली माती सोबत नेता येत नाही. गांडुळं कागदाच्या लगद्यात किंवा विकत मिळणाऱ्या कृत्रिम भरावात असतील तर चालतात. मिनो वगैरे आमिषाचे छोटे मासे, जिवंत असोत की मेलेले, ऑन्टारियोच्या बाहेरून आणता येत नाहीत. जळवांचंही तसंच. जिवंत झिंगेही नेऊ नका.

हे कशासाठी ते समजलं की नियम जाचक वाटत नाही. झेब्रा शिंपले १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा सापडले ते याच सेंट क्लेअर सरोवरात, समुद्रपारच्या जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आलेले. आज पाचही महासरोवरांत ते आहेत. माशांना रक्तस्राव करून मारणारा व्हीएचएस हा विषाणूही २००५ च्या सुमारास इथे आढळला. एका बादलीतले चार मिनो आणि त्यांचं पाणी एवढ्याने स्वच्छ सरोवर कायमचं बिघडू शकतं. गांडूळसुद्धा उत्तरेच्या जंगलांचं मूळचं नाही. हिमयुगानंतर ती जंगलं गांडुळांशिवायच वाढली आणि गांडुळं तिथला पालापाचोळ्याचा थर खाऊन संपवतात. म्हणून उरलेली गांडुळं झाडाखाली सोडून पुण्य मिळवू नका. पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

आमिष पलीकडे गेल्यावर, सरोवराच्या जवळच्या दुकानातून घ्या. २०२२ पासून प्रांताचे आमिषासाठी चार विभाग केले आहेत आणि आमिषाचे मासे व जळवा एका विभागातून दुसऱ्यात नेता येत नाहीत. पावती मागा आणि जपून ठेवा; ती दोन आठवडे चालते, तेवढ्यात आमिष वापरायचं किंवा नष्ट करायचं. बादलीतलं पाणी सरोवरात किंवा काठापासून ३० मीटरच्या आत ओतणं गुन्हा आहे.

मला विचाराल तर वॉलआयसाठी रबरी शेपटीचा जिग, म्हणजे वजन जोडलेला गळ, पुरतो, पिवळा किंवा हिरवा. ना डबा, ना पावती. शिशाच्या वजनांबाबत एकच सांगतो: कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमपेक्षा हलकी शिशाची वजनं आणि जिग बाळगताही येत नाहीत. टंगस्टनचे घेतलेत तर पक्षीही वाचतात, विशेषतः लून, जो तळातले खडे समजून शिसं गिळतो.

गाडीत काय, काय नाही

करमाफ दारूची सवलत माणशी एकच: १.१४ लिटर कडक दारू, किंवा दीड लिटर वाईन, किंवा साडेआठ लिटर बिअर. ऑन्टारियोत वय १९ पूर्ण हवं. गांजा दोन्हीकडे मिळत असला तरी हद्द ओलांडून एक गोळीसुद्धा नेऊ नका. एच-१बी वाल्याला त्याची किंमत सगळ्यात जड पडते. शेकोटीची लाकडं घरून नेऊ नका, किडी जातात. अस्वलासाठीचा स्प्रे चालतो, पण डब्यावर तो प्राण्यांसाठी असल्याचं छापलेलं हवं. माणसांवर मारायचा मिरपूड स्प्रे कॅनडात बंदी असलेलं शस्त्र आहे, पर्समध्ये राहिलेला असेल तर काढा. कुत्रा असेल तर रेबीजच्या लसीचा दाखला, आणि परतीसाठी सीडीसी या अमेरिकेच्या आरोग्यसंस्थेचा फॉर्म.

मालवणी मसाला, रवा, तांदळाचं पीठ, कोकमाचं आगळ दुकानातल्या बंद पाकिटातलं किंवा बाटलीतलं घ्या. घरी कुटलेला मसाला बिननावाच्या पिशवीत नेलात तर समजावत बसावं लागतं.

भाड्याची गाडी असेल तर ती हद्दीपलीकडे नेण्याची परवानगी करारात लिहून घ्या. स्वतःची असेल तर विमा कंपनीकडून कॅनडासाठीचं कार्ड मागवा, फुकट मिळतं. आरोग्यविम्याचंही विचारा, आई-बाबांच्या बाबतीत तर नक्कीच. उत्तरेकडे ११, १७ आणि ६९ नंबरच्या रस्त्यांवर रात्री गाडी चालवू नका. मूस हे मोठं हरीण काळं, उंच पायांचं असतं. दिव्याचा प्रकाश त्याच्या पायांतून निघून जातो आणि दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

बूथवर

काच खाली, गॉगल काढलेला, गाणी बंद, पासपोर्ट एकत्र. प्रश्न ठरलेले असतात: कुठे राहता, कुठे चाललात, किती दिवस, एकमेकांना कसे ओळखता, शस्त्र, दारू, तंबाखू, खाण्याचं सामान. विचारलं तेवढंच, पण पूर्ण सांगा. "मासेमारीला, फ्रेंच नदीवर, पाच दिवस, कॅबिन बुक आहे." बुकिंगचा कागद आणि परवाना वरच ठेवा. "थोडीशी बिअर" म्हणू नका, "चोवीस कॅन" म्हणा. गाडीत काय आहे ते चालवणाऱ्याला ठाऊक हवं, म्हणून निघण्याआधी मी सगळ्यांच्या बॅगा एकदा ओट्यावर मांडून घेतो. मित्रांना आधी राग येतो, नंतर सवय होते.

बंदुकीबद्दल थोडक्यात, कारण मी शिकार करत नाही आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्या पिढीला तिची ओळखही नाही. पिस्तूल कॅनडात नेता येत नाही. शिकारीच्या साध्या रायफलसाठी घोषणापत्र भरून अधिकाऱ्यासमोर सही करायची, २५ डॉलर भरायचे, ते ६० दिवस चालतं. पण एच-१बी सारख्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेतच बंदूक बाळगायला बंदी आहे. शिकारीचा परवाना असणं हा त्यातला एक अपवाद. ती परत आणायला अमेरिकेची आयात परवानगी वेगळी. मित्राची रायफल तुमच्या डिकीत असेल तर तीही तुमची डोकेदुखी. सरळ नाही म्हणा.

पाण्यावरची हद्द आणि बोट

सेंट क्लेअरवर मिशिगनच्या काठावरून बोट काढून पलीकडच्या पाण्यात गळ टाकायचा असेल तर ऑन्टारियोचा परवाना हवा. तिथे किनाऱ्याला लागला नाहीत, नांगर टाकला नाहीत, दुसऱ्या बोटीला चिकटला नाहीत, तर कॅनडाला कळवावं लागत नाही. यांतलं काहीही केलंत तर कळवणं बंधनकारक, आणि परतल्यावर अमेरिकेलाही. कॅनडाचा व्हिसा नसलेल्या माणसाला मी या खेळात नेत नाही. इंजिन बंद पडलं आणि वाऱ्याने पलीकडच्या काठाला लागलो तर उत्तर द्यायला तोंड नसतं.

स्वतःची बोट ट्रेलरवर नेत असाल तर निघण्याआधी बुच काढा, सगळं पाणी सांडू द्या, ट्रेलरच्या चाकात अडकलेलं शेवाळ हाताने काढा. बुडाला हात फिरवा. वाळूच्या कागदासारखं खरखरीत लागलं तर तो झेब्रा शिंपल्यांच्या पिल्लांचा थर असू शकतो. ऑन्टारियोत २०२२ पासून बुच काढूनच बोट रस्त्यावर न्यायची असा कायदा आहे. स्वतःच्या, अमेरिकेत नोंदलेल्या बोटीला ४५ दिवसांपर्यंत कॅनडाचं चालक-कार्ड लागत नाही. कॅबिनवाल्याची बोट भाड्याने घेतलीत तर तो सुरक्षेची यादी भरून तुमची सही घेतो. घाईत सही करू नका, एकेक ओळ त्याला दाखवायला सांगा. प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट हवं, आणि मे महिन्यात ते अंगात घालाच. बर्फ वितळून महिनाही न झालेलं पाणी पोहता येणाऱ्यालाही काही मिनिटांत गारठवतं. चालत्या बोटीत बिअर उघडणं म्हणजे चालत्या गाडीत उघडण्यासारखं आहे, पकडलं की तोच कायदा.

मासा लागल्यावर

वॉलआय ओढताना वेडावाकडा पळत नाही, तळाशी जड होऊन डोकं हलवतो. वर आला की पहिले डोळे दिसतात, काचेच्या गोट्यांसारखे, दुधाळ चमक असलेले. ओल्या हाताने धरा, कल्ल्यांच्या धारेपासून बोटं लांब. पट्टीवर शेपटी मिटवून मोजा. ठेवायचा नसेल तर लगेच सोडा. सहसा एका माणसाला एकच दोरी.

मापाची मर्यादा असलेला मासा सरोवरावर असेपर्यंत मोजता येईल असाच ठेवावा लागतो. म्हणजे बोटीत डोकं-शेपूट उडवून तुकडे करायचे नाहीत. ते काम कॅबिनवर आल्यावर. कापताना कल्ल्यामागे सुरी आडवी घाला, काट्याला टेकली की पातं वळवून शेपटीकडे सरकवा. मग कातडी सोडवा, पण पूर्ण नाही. फिलेवर, म्हणजे काट्यापासून सोडवलेल्या तुकड्यावर, कातडीचा एक चौकोन ठेवावाच लागतो, जात ओळखू यावी म्हणून. मी दोन बोटं रुंद ठेवतो. गालांचे दोन गोल तुकडे काढायला विसरू नका, सगळ्यात गोड मांस तिथेच. ते त्याच संध्याकाळी, रवा लावून.

गोठवताना एका पिशवीत एकाच माशाच्या दोन फिले, सपाट, एकमेकांवर न चिकटवता. पिशवीवर मार्करने जात, तारीख, ज्याच्या परवान्यावर पकडला त्याचं नाव. आमच्यातल्या एकाने एकदा सगळ्या फिले एका डब्यात कोंबून गोठवल्या. वाटेत तपासणी झाली, मासे मोजता येईनात, आणि बर्फाचा तो ठोकळा वितळेपर्यंत आम्ही दोन तास रस्त्याकडेला उभे. शेवटी मासे बरोबर निघाले; पण मोजता न येणं हाच मुळात गुन्हा.

मर्यादा 'दिवसाला' एवढीच नसते, ताब्यातल्या माशांची असते. काल ठेवलेले आणि फ्रीझरमधले दोन्ही त्यात येतात. चार दिवस रोज चार असा हिशेब करू नका. जिवंत मासा बादलीत घालून रस्त्याने नेता येत नाही. मोठ्या वॉलआय आणि पाइक या माशांमध्ये पारा जास्त साठतो, म्हणून गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी लहान मासे ठेवा. कुठल्या सरोवरातला कुठल्या मापाचा किती खावा याची प्रांत सरकारची यादी आहे. पाइक चवीला छान, पण त्यात इंग्रजी वाय अक्षरासारखे काटे असतात. कर्ली माशाचे काटे सोडवत वाढलेल्याला ते जड नाहीत.

परत येताना

अमेरिकेच्या बूथवर मासे असल्याचं आपणहून सांगा: किती, कुठल्या जातीचे, परवाना हा. कूलर गाडीत सगळ्यात वर ठेवा. दुसऱ्या देशाचा नियम मोडून पकडलेला मासा अमेरिकेत आणणं हा अमेरिकेच्याच, १९०० सालच्या लेसी कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे पलीकडे पकडले गेलो नाही म्हणजे सुटलो, असं होत नाही. उरलेले मिनो, जळवा आणू नका. टोरांटोकडून येणारे भारतीय दुकानातून ताजा कढीपत्ता घेतात. तो अमेरिकेत आणायला बंदी आहे, लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड त्यावर वाढते. फळं-भाज्या असतील त्या सगळ्या सांगा.

रिव्हॅलिडेशनवर येत असाल तर अधिकाऱ्याने विचारण्याआधी जुना आय-९४ देऊन टाकू नका आणि आय-७९७ पुढे करा. आत बोलावलं तर घाबरू नका, तिथे नियम माहीत असलेला कुणीतरी वरिष्ठ असतोच.

घरी पोचलात की मासे फ्रीझरमध्ये टाकून लगेच साईटवर आय-९४ बघा. नवा दिला असेल तर त्याची तारीख कधीकधी पासपोर्टच्या मुदतीपर्यंतच कापलेली असते, आय-७९७ वर पुढची तारीख असली तरी. तीच तारीख खरी धरली जाते, म्हणून ती त्याच रात्री वकिलाला कळवा. मग बोट अंगणात घ्या, बुच काढलेलं असू द्या, आणि पुढच्या पाण्यात घालण्याआधी निदान पाच दिवस उन्हात वाळवा.